चाखणं म्हणजे खाणं नव्हे

मार्केट यार्डाच्या गूळ बाजारात त्या काळी भिंतीवरच्या घड्याळावर कुणाचा विश्वास नव्हता, पण माझ्या जिभेवर होता.

ढेप कुठल्या गावची, हे काय कुणीही सांगेल. मी ऊस कुठल्या विहिरीवर पोसला ते सांगायचो, विहिरीत शेवाळ होतं की नव्हतं ते सांगायचो, आणि ज्या गुळव्याने रस आटवला त्याचं त्या सकाळी बायकोशी भांडण झालं होतं का, इथपर्यंत जायचो. लोक हसायचे. मग गूळ घेऊन आलेला शेतकरी खाली मान घालून कबूल करायचा, की हो, झालं होतं. त्यात अवघड काय आहे? भांडून आलेला माणूस चुलाणात जाळ जास्त घालतो आणि गूळ करपट उतरतो.

माझं काम असं. शेतकऱ्यांचा गूळ आमच्या शेठच्या आडतीच्या गाळ्यावर उतरायचा. लिलाव सुरू होण्याआधी मी एकेका ढेपेच्या पोटात सुरी घालायचो, करंगळीच्या नखाएवढी चकती काढून जिभेवर ठेवायचो, डोळे मिटायचो आणि म्हणायचो, "एक नंबर." किंवा, "दोन नंबर." किंवा, "खारट. बाजूला लावा." तेवढ्या शब्दावर खरेदीदार बोली लावायचे. गाळ्याच्या तोंडाशी एक लाकडी खुर्ची होती. तीत पारखी सोडून कुणी बसायचं नाही, खुद्द शेठनेसुद्धा नाही. सव्वीस वर्षं मी त्या खुर्चीत होतो. खुर्चीचा एक पाय आखूड होता, आणि मी इतकी वर्षं बसून बाकीचे तीन त्याच्याएवढे केले.

गाळ्यावर येईल त्याच्यापुढे पितळी ताटलीत गूळ-शेंगदाणे आणि तांब्याभर पाणी ठेवायची रीत होती. शेंगदाणे पाहुण्यांनी खायचे आणि उरलेल्या गुळाचा अपमान होऊ नये म्हणून तो मी खायचा, अशी आपली वाटणी.

राहायला मी हडपसरपुढच्या मांजरी गावाला. उसातच जन्मलो म्हणा. आई सांगायची, की मला पहिलं बोट मधाचं नाही, काकवीचं चाटवलं. पण मी सांगतोय त्या दिवसांत मांजरीच्या शिवारात उसाला तुरे यायचे बंद होऊन इमारती उगवायला लागल्या होत्या. हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, तिथली पोरं राहायला आमच्याकडे आली, आणि आमच्या घरामागच्या रानात बारा मजले उभे राहिले. दुपारी त्यांच्या सावलीत आमची म्हैस बसायची. माझा थोरला त्याच कंपन्यांपैकी एकीत चिकटला होता आणि दर सहा महिन्यांनी अमेरिकेला जाऊन यायचा, जसे आम्ही पूर्वी दौंडला जायचो.

तर अशात मला तहान लागायला लागली.

तहान म्हणजे कशी? सकाळी तांब्या, दुपारी माठ, संध्याकाळी नळाखाली तोंड. त्या वर्षी खडकवासल्याचं पाणी लवकर आटलं आणि सगळ्या शहराने पावसाला दोष दिला. मी गप्प बसलो. त्यात एक दहा किलोची ढेप हमालाच्या हातून निसटून माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. ढेपेचा एक टवका उडाला, माझाही उडाला. ढेप विकली गेली, पण अंगठा काही केल्या बरा होईना. हळद झाली, एरंडेल झालं, मलम झालं. शेवटी बायकोने मला धरून नारायण पेठेत एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई साठीच्या, जेमतेम खांद्याला लागतील एवढ्या, आणि बोलणं असं की इंजेक्शनची सुई परवडली.

"किती दिवस झाले जखमेला?"

"दोन महिने."

"मग इतक्या लवकर का आलात?"

रक्त तपासून दुसऱ्या दिवशी गेलो. बाईंनी कागद हातात घेतला, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. "हा रिपोर्ट आहे की फोन नंबर?" म्हणाल्या. मधुमेह. दुसऱ्या प्रकारचा. पहिल्या प्रकारचा का नाही, असं मी विचारलं, कारण बाजारात आम्ही नेहमी एक नंबरचाच माल घेतो. बाई हसल्या नाहीत.

गोळ्या लिहून दिल्या. रोज चालायला सांगितलं. साखर बंद, गूळ बंद, भात कमी. मग म्हणाल्या, "चार वाजता चहाबरोबर काय खाता?"

"फरसाण. बिस्किटं. कधी जिलबी."

"ते सगळं बंद. त्याच्या जागी मूठभर दाणे खा. बदाम, अक्रोड, शेंगदाणे. तळलेले नाहीत, खारवलेले नाहीत, साखरेत घोळवलेले नाहीत. भाजलेले, नुसते. आणि त्याच्या जागी म्हणाले मी, त्याच्याबरोबर नाही."

"मूठभर ना?" मी खात्री करून घेण्यासाठी हात टेबलावर ठेवला. बाईंचं स्टेथोस्कोपसकट निम्मं टेबल झाकलं गेलं.

बाईंनी हाताकडे पाहिलं. "ही मूठ नाही, सूप आहे. माझी मूठ धरायची." आणि त्यांनी आपली मूठ मिटून दाखवली. लिंबू असतं ना, कागदी लिंबू, तेवढी.

"आन् भाजीत कूट घालती मी," बायको म्हणाली, "त्यो?"

"त्यात शेंगदाणेच असतात ना? मग तोही मुठीतच मोजा."

बायकोचा चेहरा पडला. आमच्या घरात कूट न घातलेली भाजी म्हणजे कुंकू न लावलेली सवाष्ण.

जाता जाता बाईंनी विचारलं, "काम काय करता?"

"मार्केट यार्डात असतो."

"उचलाउचलीचं?"

"छे, बसून."

बाईंनी कागदावर लिहिलं, 'बैठं काम'. मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो.

घरी येऊन बायकोने पथ्याचं राज्य सुरू केलं. बाईंच्या मुठीचं माप तिच्या डोळ्यात बसलं होतं. तिने देवघरातली नैवेद्याची स्टीलची वाटी काढली आणि रोज तेवढे दाणे एका डबीत घालून माझ्यासोबत द्यायला लागली. आता थोरल्याने अमेरिकेहून आणलेल्या बदामांची गोष्ट सांगायला हवी. त्या काळी पुण्यात ज्याचं पोर अमेरिकेला जाऊन आलं त्याच्या घरात पोतंभर बदाम-पिस्ते असायचेच, आणि ते कुणी खायचे नाहीत. आमचेही कपाटात कुलपाखाली होते. आल्यागेल्यासाठी, लेकीच्या डिंकाच्या लाडवांसाठी. त्यांतले चार बदाम रोज मला काढून देताना तिचा जीव तुटायचा.

"रोज बदाम खायला तुमी काय पाव्हणं हाय का?" कुलूप काढता काढता ती म्हणायची. "ऱ्हाऊ द्या, खावा. अंगठा ऱ्हायला पायजे."

थोरल्याने तिसरीच तऱ्हा केली. त्याने घरच्या कॉम्प्युटरवर माझ्या नावाने एक तक्ता केला. "बाबा, जे खाल ते रोज सांगा. मी एंटर करतो. मग ट्रेंड दिसेल." मी रोज इमानाने सांगायचो. सकाळी नाचणीची भाकरी एक. मेथीची भाजी. बदाम चार, अक्रोड दोन, बाकी शेंगदाणे, एकूण नैवेद्याची वाटी. रात्री ज्वारीची भाकरी एक, मूग. तीन महिने मी असा जगलो की एखाद्या साधूने माझ्याकडे शिकवणी लावावी. चार वाजता गाळ्यावर सगळे भजी हाणत असताना मी डबी उघडून अक्रोड चावायचो. अक्रोडाचा आकार मेंदूसारखा असतो म्हणतात. त्या हिशोबाने मला महिन्याभरात साठ मेंदू मिळाले होते.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं, आणि थोरल्याचा रंगीत छापील कागद घेऊन नारायण पेठेत गेलो. बाईंनी आधी तो कागद वाचला. सावकाश, दोन्ही बाजू.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "या माणसाला मधुमेह नाही." मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट उचलला. "या माणसाला आहे, आणि पहिल्यापेक्षा जास्त आहे. यातले तुम्ही कोण?"

मी अंगठ्याकडे पाहत बसलो. तो काळा पडायला लागला होता.

"मी सांगू का?" बायको म्हणाली. "ह्ये दिसभर गूळ चाखत्यात."

बाईंनी चष्मा काढला. "काय करतात?"

"चाखत्यात. त्यांचं कामच हाय त्ये."

"ते खाणं नव्हे हो डॉक्टर," मी म्हणालो. आणि मी मनापासून म्हणत होतो. सव्वीस वर्षांत ती गोष्ट खाणं असेल, अशी शंकासुद्धा मला आली नव्हती. उपासाच्या दिवशीही मी चाखायचो आणि उपास मोडला असं मी काय, देवानेसुद्धा धरलं नव्हतं. "ते काम आहे. गवंडी दिवसभर सिमेंटमध्ये असतो, म्हणून तो सिमेंट खातो असं म्हणाल का?"

"गवंडी ते गिळत नाही. तुम्ही थुंकता?"

"गूळ थुंकायचा?" मी उठूनच उभा राहिलो. "शेतकऱ्याच्या देखत? लक्ष्मी आहे ती! चाखून थुंकणारा पारखी बाजारात एक दिवस टिकणार नाही."

"बसा. केवढी चकती असते?"

"करंगळीच्या नखाएवढी."

"करंगळी दाखवा."

मी दाखवली. बाईंनी त्या मापाचा कागदाचा कपटा फाडून टेबलावर ठेवला. "असे किती?"

"रोज साठ. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ऐंशी."

बाईंनी एक अख्खं औषधाचं कागदी खोकं घेतलं आणि माझ्यासमोर, शांतपणे, त्या कपट्याएवढे तुकडे करत बसल्या. तीस झाल्यावर ढीग पेपरवेटच्या वर गेला. "म्हणजे रोज अर्धी भेली गूळ तुम्ही कामावर खाता," त्या म्हणाल्या, "आणि मला घरच्या बदामांच्या गोष्टी सांगता. दाणे खाऊन गुळाचं पाप फिटत नसतं. आता ऐका. जीभ चालवायची की अंगठा ठेवायचा, हे घरी बोलून ठरवा. दोन्ही ठेवायची सोय माझ्याकडे नाही."

परतताना रेसकोर्सपाशी स्कूटरवर मागून बायको म्हणाली, "मला अख्खा नवरा पायजे."

दुसऱ्या दिवशी शेठला सांगितलं. शेठ भला माणूस. मला कामावर त्याच्या बापाने ठेवलं होतं. त्याने पान जुळवायचं थांबवलं.

"अण्णा, न चाखणारा पारखी कसा असतो?"

"ते मलाही माहीत नाही शेठ. करून बघतो."

"करून बघतो म्हणायची ही वेळ आहे का? संक्रांतीच्या आधी ते मॉलवाले येणार आहेत. शहरभर त्यांची दुकानं निघतायत, त्या सगळ्यांना गूळ एकाच गाळ्यावरून घेणार. आपल्याकडून नाहीतर पलीकडून. ते बघणार पारखी. मी काय दाखवू? बदाम खाणारा माणूस?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला काढत नाही. गोदामात बस, दाराशी खुर्ची देतो. पण ही खुर्ची चाखणाऱ्यालाच द्यावी लागेल. मॉलवाले येईपर्यंत बघ. त्या दिवशी जमलं तर तुझी, नाही तर पलीकडच्या बापूला बोलावतो."

पलीकडच्या गाळ्यावरचा पारखी म्हणजे हा बापू. काडीसारखा माणूस, जीभ मात्र खरी तिखट, दोन्ही अर्थांनी. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी पाणीही प्यालो नव्हतो.

"अण्णा!" तो गल्लीच्या त्या बाजूने ओरडला. "आता नुसतं बघून सांगणार म्हणे! लग्नात जेवणाकडे बघून ढेकर पण देणार का?"

हमालांनी पोती खाली ठेवून हसून घेतलं.

पहिले आठ दिवस वाईट गेले. सुरी ढेपेत जायची, चकती निघायची आणि हात आपला आपण तोंडाकडे. सव्वीस वर्षांची वाट, बैलाला सांगावं लागत नाही. दोनदा तर बायकोने शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून गाळ्यावर फोन करून नुसतं विचारलं, "हात खाली हाय का?" मग तिनेच उपाय काढला. "तोंड रिकामं ऱ्हायलं की जातोय त्यो हात. भरून ठेवा की." त्या दिवसापासून नैवेद्याच्या वाटीतले शेंगदाणे मी चार वाजता एकदम न खाता दिवसभर पुरवायला लागलो. ढेप पुढे आली की एक दाणा गालात. दात लावायचा पण चिरडायचा नाही. एक शेंगदाणा मी हडपसरपासून स्वारगेटपर्यंत पुरवू शकतो, वाटेत सिग्नल लागले तरी.

आणि गालात दाणा असताना एक दिवस मला माझा बाप आठवला.

बाप गुळव्या होता. मांजरीच्या गुऱ्हाळावर तो काहिलीपाशी उभा असायचा आणि मी चुलाणापाशी उसाच्या चोयट्या चघळत. उकळत्या रसाच्या वाफेत दिवसभर उभा राहिलेला तो माणूस गूळ कधीच चाखायचा नाही. धोतराच्या सोग्याला त्याने भाजके शेंगदाणे बांधलेले असायचे, तेच तोंडात टाकायचा. म्हणायचा, गोडात उभं राहणाऱ्याला गोड कळत नाही. काकवी दाट झाली की तो तिचा थेंब थंड पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी करायची आणि ती काहिलीच्या काठावर फेकायची. टण्ण वाजली की ओरडायचा, "उतरवा!" नाकाने, कानाने आणि बोटांनी तो गूळ करायचा. मी जीभ घेऊन जन्माला आलो म्हणून मला बाकीच्या इंद्रियांची गरजच पडली नव्हती. रेशनकार्डावर नाव असलेले, पण कधी घरी न आलेले नातेवाईक असावेत तशी ती होती.

मग घरी तालीम सुरू झाली. जेवणं झाली की बायको माझे डोळे पंच्याने बांधायची, गाळ्यावरून आणलेले निरनिराळ्या प्रतीचे तुकडे एकेक करून हातात द्यायची आणि मास्तरणीसारखी विचारायची, "बोला." गालात दाणा. आधी हुंगायचं. रंग उजळायला पावडर मारलेल्या गुळाला विझवलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास येतो, अगदी बारीक. मग कानाशी नेऊन मोडायचं. साखर मिसळलेला गूळ काचेसारखा कडकन मोडतो, अस्सल गूळ कोरड्या मातीच्या ढेकळासारखा. करपट तर नाकच सांगतं. पंधरा दिवसांत मी सगळं ओळखायला लागलो. फक्त खारट ओळखता येईना. खारवट जमिनीतला गूळ दिसायला देखणा असतो, वासाला चांगला, मोडायलाही चांगला. ते मीठ जिभेशिवाय कुणाला कळणार? आणि मॉलवाल्यांची पहिली अट होती, खारट नको.

एका संध्याकाळी बायकोने दोन्ही हातांत एकेक तुकडा दिला, आणि तेवढ्यात दूध उतू जायला लागलं म्हणून ती आत धावली. मी मुठी मिटून बसून राहिलो. परत आली, "उघडा," म्हणाली. डावी मूठ कोरडी. उजवीत चिकचिकाट, बोटं एकमेकांना धरून बसलेली.

"आवं, ह्याला घाम फुटलाय," ती म्हणाली.

"कुठला आहे हा?"

"खारट."

खारट गुळाला पावसाळ्यात पाणी सुटतं हे बाजारातलं शेंबडं पोर सांगेल. पण माणसाच्या मुठीची ऊब त्याला दोन मिनिटांत पावसाळा दाखवते, हे सव्वीस वर्षं बाजारात बसून मला माहीत नव्हतं, आणि माझ्या बायकोने दुधाच्या पातेल्यापायी शोधून काढलं. मी डोळ्यांवरचा पंचा तिच्या गळ्यात घालून तिचा सत्कार केला. आम्ही तो खेळ वीस वेळा केला. माझी मूठ वीस वेळा खरं बोलली. सुपाएवढी आहे ना, ऊबही सुपाएवढी.

मॉलवाल्यांचा माणूस आला तो दिवस पुणं विसरणार नाही. बटाट्याचा लिलाव थांबला, मिरचीवाले शिंकायचे थांबले. आमच्या गाळ्यापुढे एवढी माणसं जमली की मागचे लोक स्वारगेटवर उभे होते. तो माणूस म्हणजे पंचविशीतला पोरगा, पाठीला लॅपटॉपची बॅग. त्याने दहा नमुने आणले होते, दहाही आधी लॅबमध्ये तपासून. "सर, सिंपल आहे," तो म्हणाला. "दोघांनी एकेक बघायचं आणि माझ्या कानात सांगायचं. मी टाइप करतो. शेवटी लॅबशी टॅली करू."

बापू जिभेवर, मी मुठीवर. खुर्ची मध्ये रिकामी.

पहिला नमुना. बापूने मचमच करून डोळे मिटले. मी हुंगला, मोडला, मूठ मिटली, दाणा चावत उभा राहिलो. दुसरा, तिसरा, चौथा. पोरगा टाइप करायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, बहुधा हेच त्यांना कॉलेजात शिकवतात. पाचव्याला गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, अंडी उबवताय का?" सगळा बाजार हसला. शेठ हसला नाही. तो पानाची शीर इतकी सोलत होता की पान संपलं.

सहाव्यानंतर बापूने पाणी मागितलं. सातव्यानंतर पुन्हा. आठव्याला त्याने चकती तोंडात टाकली आणि लगेच पोराच्या कानाला लागला, चेहऱ्यावर एक नंबरचं समाधान. मी आठवा नमुना मुठीत धरला. देखणा, सोनेरी, रवाळ. वास असा की बापाच्या काहिलीपाशी उभा आहे. नाक म्हणालं, एक नंबर. कान म्हणाला, एक नंबर. मी मूठ उघडली नाही. अंगठा ठणकत होता. लोक ओरडत होते. मी तो शेंगदाणा पीठ होईपर्यंत चावला आणि मग हात उघडला.

तळवा चकाकत होता. मी तो सगळ्या बाजाराला दाखवला आणि कानात सांगायचं विसरून मोठ्याने म्हणालो, "खारट. बाजूला लावा!"

"काहीतरीच!" बापू उसळला. "माझी जीभ खोटी का?"

पोराने लॅपटॉपवर बोट फिरवलं. पहिल्यांदाच त्याच्या भुवया वर गेल्या. "खारट आहे," तो म्हणाला. "लॅबमध्ये पण."

आता बापूचं एक सांगतो. खवचट असेल, पण पारखी अस्सल. त्याने रडीचा डाव खेळला नाही. माझ्यापुढे हात पसरून म्हणाला, "अण्णा, एक दाणा दे." मी डबीतून दिला. त्याने तो नीट चावला, गिळला, पाण्याने चूळ भरली आणि तीच चकती पुन्हा जिभेवर ठेवली. सगळं मार्केट यार्ड त्याच्या गालाकडे पाहत होतं.

"खारट आहे," बापू म्हणाला. "सात गोडांनी जीभ मेली होती. दाण्याने उठवली."

मग काय झालं ते सांगायला मला संकोच वाटतो, म्हणून थोडक्यात सांगतो. चार हमालांनी मला उचललं, आणखी चौघांनी त्या चौघांना उचललं. दहापैकी दहा नमुने मी बरोबर सांगितले. शेठ म्हणतो नऊ. शेठला गणित कधीच आलं नाही. मॉलचा गूळ आमच्या गाळ्यावरून गेला. शेठने आपल्या उपरण्याने खुर्ची पुसली आणि म्हणाला, "बस. आणि बदाम खा."

नारायण पेठेत रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा तीन महिन्यांची साखर अशी उतरली होती की मी तो कागद छातीला लावून जिना चढलो. अंगठ्यावर नवी गुलाबी कातडी आली होती. बाईंनी आधी अंगठा पाहिला, मग कागद पाहिला.

"बघा डॉक्टर," मी म्हणालो, "दाण्यांनी केलं की नाही!"

"दाण्यांनी काय केलं? तोंड रिकामं ठेवलं नाही, एवढंच," त्या म्हणाल्या. "केलं ते तुम्ही न खाल्लेल्या गुळाने. आणि गोळ्यांनी. आणि यांनी." त्यांनी बायकोकडे बोट केलं. मग लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाल्या, "गोळ्या तशाच चालू. दाणेही. वाईट नाही."

नारायण पेठेत 'वाईट नाही' म्हणजे हत्तीवरून मिरवणूक. बायकोने घरी येऊन कपाटाचं कुलूप काढलं आणि ते पुन्हा लावलंच नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी चारच्या सुमाराला बापू आमच्या गाळ्यावर आला. तांब्या उचलून घटाघटा प्याला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मी डबी उघडली तशी तो जवळ सरकला.

"अण्णा, त्या बाई कुठे बसतात?"

"कुठल्या बाई?"

"उगाच छळू नको. नारायण पेठेतल्या."

मी त्याच्याकडे पाहिलं. काडीची आणखी बारीक काडी झाली होती. मी अंग सरकवून त्याला त्या खुर्चीच्या निम्म्या कडेवर बसायला जागा दिली. पारखी सोडून तीत कुणी बसत नाही, आणि तो पारखी होताच. त्याचा हात धरून मूठ मिटवून पाहिली. कागदी लिंबाएवढी, अगदी बाईंच्या मापाची.

"तुझं नशीब," मी म्हणालो. "तुला वाटी लागणार नाही."

पुढच्या लिलावाला शेठने पुकारा केला तेव्हा आपापल्या गाळ्यांच्या तोंडाशी आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो. दोघांच्या मुठी बंद, दोघांच्या गालांत एकेक दाणा. खरेदीदार खोळंबले.

"अरे, बोला की कुणीतरी!" शेठ ओरडला.

तोंडात घास असताना बोलू नये, असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं.